डोळ्यातले कलम आणि त्याची कसोटी



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांवरच बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती चुकीची नाही. आज मात्र आम्ही डोळ्याच्या एका शस्त्रक्रियेविषयी बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा या विषयात शिरण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर एका कागदात आहे.

आमच्या युनियनचा एक सभासद यंत्रमागावर काम करतो. पन्नाशी उलटलेला, कसबी, निर्व्यसनी माणूस. त्याच्या कापडात एकाएकी दोष येऊ लागले. मागाच्या डाव्या अंगाला तार तुटली तरी त्याला ती दिसत नसे. मजुरीतून पैसे कापले जाऊ लागले. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तो दुकानात गेला, तर तेथला तक्ता त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखविला. पुढे काही महिन्यांनी एका मोठ्या रुग्णालयात निदान झाले, काचबिंदू. औषधाच्या थेंबांनी डोळ्याचा दाब उतरेना, तेव्हा शस्त्रक्रिया ठरली. डोळ्यात एक बारीक नळी बसवावयाची आणि तिच्यावर संरक्षणासाठी ऊतकाचा, म्हणजे शरीराच्याच द्रव्याचा, एक तुकडा शिवावयाचा. हा तुकडा दोन प्रकारांपैकी कोणता बरा याची तेथे चाचणी चालली होती. तीत सामील होता काय, असे विचारून चार पानांचा एक कागद त्याच्या हाती देण्यात आला. कागद इंग्रजीत होता.

तो संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आला आणि म्हणाला, "अण्णा, मालकाशी करार होतो तेव्हा तुम्ही त्यातलं एकेक कलम वाचून आम्हांला अर्थ सांगता. हापण करारच आहे की. सही करू का नको?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. आठ दिवसांची मुदत मागून घेतली, मिळेल ते वाचले, आणि ओळखीच्या एका नेत्रतज्ज्ञांना पुष्कळ त्रास दिला. त्यातून जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे. मुद्दा थोडक्यात असा, की डोळ्यात बसवावयाची वस्तू नवी आहे एवढ्याने ती चांगली ठरत नाही. तिची कसोटी लागावी लागते, आणि ती कसोटी ज्याच्या डोळ्यावर लागते त्याला ती समजलीच पाहिजे.

डोळ्यातला पाट

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे आपल्याकडे सर्रास एकत्र घेतली जातात, परंतु दोहोंत मोठे अंतर आहे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसविले की माणूस पुन्हा पाहू लागतो. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते, आणि झिजलेली नस आजच्या कोणत्याही उपायाने परत येत नाही. उपचार करावयाचा तो उरलेले राखण्यासाठी.

ही नस झिजते कशी? डोळ्याच्या पुढच्या भागात, पारदर्शक पटलाच्या मागे, एक स्वच्छ पाणी सारखे तयार होत असते. हे अश्रू नव्हेत. अश्रू बाहेर असतात, हे पाणी आत असते. भिंग आणि पारदर्शक पटल यांत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून त्यांचे पोषण या पाण्यावर चालते. दर मिनिटाला सुमारे २ ते २.५ मायक्रोलिटर, म्हणजे लिटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-अडीच पट, इतकेच ते निर्माण होते. औषधाच्या बाटलीतून पडतो तेवढा एक थेंब साठण्यास पाव तास तरी लागावा. काम आटोपलेले पाणी बुबुळाच्या कडेला असलेल्या एका सूक्ष्म चाळणीतून बाहेर पडून रक्तात मिसळते.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना हे समजावयास वेळ लागणार नाही. पाटाने येणारे पाणी तेवढेच राहिले आणि जाणारी नाली गाळाने भरली, तर वाफा तुंबतो. डोळ्याचेही तेच होते. डोळ्यातला दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि तो सामान्यतः १० ते २१ असतो. वाढलेला दाब मागच्या नसेला सोसत नाही. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. ते हळूहळू मरतात, आणि आधी बाजूची नजर जाते, समोरची शेवटपर्यंत टिकते. म्हणून आमच्या सहकाऱ्याला तक्ता वाचता येत होता आणि डावीकडची तार दिसत नव्हती. काही रुग्णांत दाब एकाएकी चढून डोळा लाल होतो, असह्य ठणका लागतो. परंतु पुष्कळांत रोग मुकाट्याने चालतो. ज्यांचा दाब मर्यादेत दिसतो अशा काहींची नसही झिजते, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नस पाहावी लागते.

जगात २०२० साली सुमारे ७ कोटी ६० लाख लोकांना हा रोग असावा असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. भारतात चाळिशीपुढच्या एक कोटीहून अधिक लोकांना तो असल्याचे अंदाज आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते.

शरीर नावाचा गवंडी

पाणी तुंबले तर नवी वाट करून द्यावी, ही कल्पना सरळ आहे. थेंबांनी आणि लेझर किरणांनी काम भागले नाही तर शस्त्रवैद्य तेच करतो. या प्रयत्नांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यातले एक पान आपल्या देशात लिहिले गेले आहे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ मध्ये एक गोल पात्याचे बारीक हत्यार वापरून पांढऱ्या भागाच्या कडेला वाटोळे भोक पाडण्याची पद्धत प्रचारात आणली. ती जगभर गेली. त्याआधी १९०५ मध्ये जर्मनीच्या हाइने यांनी डोळ्याची पांढरी भिंत आणि आतला थर यांमध्ये फट पाडून पाण्याला आतल्या आत वाट दिली होती. त्याच सुमारास फ्रान्समध्ये घोड्याच्या शेपटीचा केस डोळ्यात ओवून पाणी बाहेर काढण्याचा प्रयोग झाला, आणि १९१२ मध्ये झोराब यांनी रेशमाचा धागा वापरला. आज वाचताना अंगावर काटा येतो, परंतु त्या डॉक्टरांपुढचा रुग्ण आंधळा होत चालला होता आणि त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते, हे विसरता कामा नये.

पुढे १९६८ मध्ये केंब्रिजच्या केर्न्स यांनी भोकावर झडपेसारखा पापुद्रा ठेवण्याची शस्त्रक्रिया मांडली. तीच थोड्याफार फरकाने आजही सर्वत्र होते. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मोल्टेनो यांनी नळी आणि तिला जोडलेली चकती असे साधन पुढे आणले. नळीचे टोक डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, चकती मागे डोळ्याच्या वरच्या पातळ आवरणाखाली. नळीतून पाणी चकतीवर येते आणि तेथून शोषले जाते.

या सर्वांची अडचण एकच. शरीर हा असा गवंडी आहे की त्याला भोक दिसले की तो ते बुजवितो. हाताला कापले तर हा गवंडी आपला मित्र. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत मात्र जखम भरून येणे हाच पराभव. वण धरला की वाट बंद होते आणि दाब पुन्हा चढतो. म्हणून १९८० च्या दशकापासून मायटोमायसिनसारखी औषधे जखमेवर लावून गवंड्याचा हात आवरला जाऊ लागला. पण हात फारच आवरला तर वरचे आवरण कागदासारखे पातळ होते, पाणी झिरपते, जंतू शिरतात. नळीचे दुखणे आणखी निराळे. पापणी दिवसभर उघडझाप करते, नळीवरचे आवरण घासले जाते, आणि काहींत नळी उघडी पडते. अनेक अभ्यास एकत्र केले असता असे शेकडा दोनांच्या आसपास रुग्णांत, सरासरी दोन वर्षांत, आढळले. आकडा लहान वाटतो. परंतु उघडी नळी म्हणजे जंतूंना डोळ्याच्या आत जाण्यास मोकळा दरवाजा. ते दोघे कोणाच्या घरचे, हा प्रश्न आमच्या धंद्यातल्या माणसाला सोडवत नाही.

कलम कोठून येते

येथे ऊतकाचे कलम उपयोगी पडते. नळीवर एक मऊ पण चिवट तुकडा शिवला की घासणे थांबते. हा तुकडा बहुधा दुसऱ्या माणसाच्या डोळ्याचा पांढरा भाग असतो. नेत्रदानात मिळालेल्या डोळ्याचे पारदर्शक पटल एखाद्या अंधाला बसविले जाते हे आपणांस ठाऊक आहे. ते काढून घेतल्यावर उरलेला पांढरा भागही वाया जात नाही. तो ग्लिसरिनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये जतन करून ठेवतात आणि काचबिंदूच्या रुग्णाला लावतात. एका मृताचे दान अशा रीतीने दोनांहून अधिक जिवंतांच्या कामी येते.

याखेरीज हृदयावरचे आवरण, दान मिळालेले पारदर्शक पटल आणि बाळंतपणातल्या वारेचे पातळ आवरण हीही वापरतात. डुकराच्या शरीरातील कोलॅजेन या द्रव्यापासून स्पंजासारखी चकती करतात. ती जखमेत ठेवली की वण घट्ट न होता सैल धरावा अशी अपेक्षा असते आणि काही महिन्यांत ती विरघळते. डुकराच्याच जिलेटिनाची ६ मिलिमीटर लांब आणि आतून ४५ मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाहूनही बारीक, अशी नळीही निघाली आहे. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. अगदी अलीकडे हाइने यांची जुनी फट पुन्हा पुढे आली आहे. ती फट शरीर बुजवीत असे, म्हणून तीत दान मिळालेल्या पांढऱ्या भागाची बारीकशी पट्टी पाचरीसारखी ठेवून ती उघडी राखण्याचे प्रयोग रुग्णांवर होत आहेत.

डुकराचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. आमच्या युनियनमध्ये मुसलमान विणकर आहेत, माळकरी आहेत, जैन कारकून आहेत. कोणी म्हणेल, दृष्टीपुढे याचे काय? कोणी म्हणेल, मला नको. दोघांनाही आपापले उत्तर देण्याचा अधिकार आहे, परंतु त्यासाठी वस्तू कशाची आहे हे आधी सांगितले गेले पाहिजे.

कसोटीच्या पायऱ्या

आता कसोटी. लोखंडाच्या शेकडो कांबी एका साच्यातून सारख्या निघतात. शरीरातले ऊतक तसे नसते. डोळ्याचा पांढरा भागच घ्या. डोळा हलविणारे स्नायू जेथे चिकटतात त्याच्या मागे तो ०.३ मिलिमीटर जाड, तर नसेजवळ जवळजवळ १ मिलिमीटर. म्हणजे एकाच डोळ्यातले दोन तुकडे सारखे नाहीत, मग दोन माणसांचे कोठून असणार?

पहिली पायरी म्हणून दात्याची चौकशी आणि रक्ताची तपासणी होते: एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गरमी. ही पायरी किती मोलाची हे मेंदूच्या आवरणाने शिकविले. मृतांच्या मेंदूवरील आवरण प्रक्रिया करून मेंदूच्या शस्त्रक्रियांत ठिगळ म्हणून वापरले जात असे. त्यातून मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग रुग्णांना झाल्याचे पहिले उदाहरण १९८७ मध्ये नोंदले गेले, आणि पुढे एकट्या जपानमध्ये अशी शंभराहून अधिक उदाहरणे निघाली. रोग ठिगळ लावल्यावर कित्येक वर्षांनी प्रकट होई. नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने त्या रोगाचे बीज मरत नव्हते. वस्तू मृताची असो की जनावराची, तिच्या उगमाचा कागद मुळापासून जपावा लागतो, हा त्यातला धडा.

दुसरी पायरी प्रयोगशाळेच्या टेबलावरची. तुकडा टाका धरतो काय, किती ताण सोसतो, निर्जंतुक करण्यासाठी किरण सोडले तर दुबळा होतो काय, हे पाहतात. नळी असेल तर तिच्यातून पाणी सोडून दाब मोजतात. येथे प्वाझेय या फ्रेंच डॉक्टरचा जुना नियम लागतो: नळीचा व्यास निम्मा केला की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. इतक्या बारीक मापात थोडी चूक झाली तर डोळा एकतर तुंबेल, नाहीतर रिता होऊन आक्रसेल. दाब फार उतरणे हेही संकटच आहे. काही प्रयोगशाळांत रोपणास न चालणारे दानातले डोळे पोषक द्रवात काही दिवस जपून त्यांच्यावर हे पाहिले जाते.

तिसरी पायरी प्राण्यांची. सशाच्या डोळ्यात केलेली वाट थोड्या आठवड्यांतच बुजते, इतका त्याचा गवंडी तत्पर. म्हणून सशात टिकले तर आशा धरण्यास जागा असते. तथापि ससा म्हणजे माणूस नव्हे. त्याच्या डोळ्यातली पाणी जाण्याची व्यवस्थाही आपल्याहून निराळी आहे. सशाने दिलेले प्रमाणपत्र माणसाला तसेच्या तसे चालत नाही.

चौथी पायरी माणसाची, आणि येथेच आमच्या सहकाऱ्याचा कागद येतो. आधी थोड्या रुग्णांवर सावधपणे वापर, मग दोन गटांची तुलना. कोणाला जुने कलम आणि कोणाला नवे, हे डॉक्टर ठरवीत नाही, रुग्णही नाही; एका परीने चिठ्ठ्या टाकून ठरते. हे ऐकून आमचा सहकारी प्रथम चिडला. "माझा डोळा काय भिशी आहे?" असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. परंतु चिठ्ठी न टाकता डॉक्टर निवडू लागला तर बरे होण्याजोगे रुग्ण नकळत नव्या वस्तूकडे जातील, बिकट रुग्ण जुनीकडे, आणि नवी वस्तू फुकटात श्रेष्ठ ठरेल. दोहोंतले कोणते बरे हे डॉक्टरलाही खरोखर ठाऊक नसते तेव्हाच चिठ्ठी न्याय्य असते. ठाऊक असून चिठ्ठी टाकली तर तो अन्याय होय.

मोजणाऱ्यावरही विश्वास टाकून चालत नाही. चांगल्या चाचणीत दाब मोजताना एक जण यंत्राची चकती फिरवितो आणि दुसरा आकडा वाचतो, म्हणजे मनातला आकडा हाताने काढला जाऊ नये. यश कशाला म्हणावयाचे तेही आधीच लिहून ठेवतात. नळीची आणि केर्न्स यांच्या पद्धतीची तुलना करणारी एक प्रसिद्ध चाचणी अमेरिकेतल्या व इंग्लंडमधल्या रुग्णालयांत २१२ रुग्णांवर झाली. तीत दाब २१ च्या वर राहिला, किंवा मुळापेक्षा शेकडा २० तरी उतरला नाही, किंवा ५ वर किंवा त्याखाली गेला, किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, किंवा उजेडही दिसेनासा झाला, तर ते अपयश, असे आधीच ठरले होते. पाच वर्षांनी नळीच्या गटात अपयश शेकडा २९.८ आणि दुसऱ्या गटात ४६.९ आले. हे आकडे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. या रुग्णांच्या डोळ्यांवर आधी शस्त्रक्रिया झालेल्या होत्या हे लक्षात ठेवूनच ते वाचावयाचे. परंतु चाचणी प्रामाणिक असली की अपयशही आकड्यांत उतरते, हे त्यावरून दिसते. याउलट कोलॅजेनची चकती, वारेचे आवरण इत्यादी साधनांच्या चाचण्यांचा २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या वतीने आढावा घेतला गेला, तेव्हा पुराव्याचा दर्जा कमी असल्याचा निष्कर्ष निघाला. चाचणी झाली म्हणजे सिद्ध झाले असे नाही. ती कशी झाली हे पाहावे लागते.

दोन वर्षे आणि पाच वर्षे

शेवटची पायरी काळाची. सायपास नावाची एक बारीक प्लास्टिकची नळी हाइने यांच्या त्याच फटीच्या जागी बसविली जाई. दोन वर्षांचे निष्कर्ष चांगले आले आणि अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये तिला परवानगी मिळाली. त्याच रुग्णांना पुढे पाच वर्षांपर्यंत तपासत राहिले, तेव्हा पारदर्शक पटलाच्या आतल्या बाजूच्या पेशी नळी बसविलेल्या गटात जास्त घटल्याचे दिसून आले. या पेशी माणसात पुन्हा भरून येत नाहीत. फार कमी झाल्या की पटल गढूळ होते. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने ती नळी जगभरच्या बाजारातून मागे घेतली.

दोन वर्षांत जे दिसले नाही ते पाच वर्षांत दिसले. परवानगी मिळाल्यावरही तपासणी चालू ठेवली गेली म्हणूनच हे कळले, त्याचे श्रेय दिले पाहिजे. आज त्याच जागी प्लास्टिकऐवजी माणसाच्याच ऊतकाची पाचर ठेवली जात आहे. ती मऊ आहे, शरीराच्या जातीची आहे, तेव्हा पेशींना कमी त्रास देईल, असा तर्क करता येतो आणि तो चुकीचा नाही. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. या कलमालाही पाच वर्षे आणि त्यापुढची वर्षे द्यावी लागतील, आणि ती वर्षे रुग्णांनी तपासणीला येऊन द्यावयाची आहेत. बांधकाम मजूर गाव बदलतो, विणकर माग बदलतो, ऊसतोड कामगार तर सहा महिने घराबाहेर. असा रुग्ण तपासणीस आला नाही की वहीत त्याच्यापुढे रेघ पडते, आणि त्याच्या डोळ्याचे काय झाले ते शास्त्राला कधी कळत नाही. नवी वस्तू निर्दोष ठरते ती कधी कधी अशा रेघांच्या जोरावर. म्हणून गरिबाच्या प्रवासखर्चाचा आणि बुडालेल्या रोजाचा प्रश्न हा दयेचा नाही, शास्त्राच्या खरेपणाचा आहे.

किंमत हाही कसोटीचाच भाग समजावा. परदेशी साधन कितीही उत्तम असले आणि रुग्णाला परवडले नाही, तर त्याच्यापुरते ते नापासच. मदुराईच्या ऑरोलॅबने २०१३ मध्ये स्वस्त देशी नळी काढली, आणि आपल्या नेत्रपेढ्यांतले दानातले कलम बाहेरून येणाऱ्या तयार कलमापेक्षा कितीतरी कमी खर्चात मिळते. ही गोष्ट नेत्रदानाच्या प्रत्येक सभेत सांगितली गेली पाहिजे.

सहीपूर्वीचे प्रश्न

आठ दिवसांनी आम्ही सहकाऱ्याबरोबर रुग्णालयात गेलो. प्रश्न लिहून नेले होते. तुकडा कशाचा आहे आणि कोठून आला? आजवर किती जणांना बसविला आणि किती वर्षे पाहिले? मी चाचणीत आलो नाही तर मला कोणता उपचार मिळेल? मध्येच बाहेर पडलो तर उपचार थांबेल काय? इजा झाली तर औषधपाणी आणि भरपाई कोण देणार? तपासणीला किती वेळा यावयाचे आणि त्या दिवसाचा रोज कोण भरणार? आणि चाचणी संपल्यावर निष्कर्ष मला कळविणार काय?

यांतले पुष्कळसे प्रश्न म्हणजे आमची मेहरबानीची मागणी नव्हती. वैद्यकीय साधनांसाठी २०१७ चे आणि नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आपल्या देशात आहेत. समजून-उमजून दिलेली संमती, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई ही तत्त्वे त्यांत आहेत. चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून सर्वांना खुली आहे. चाचणीला मान्यता देणाऱ्या नीतिसमितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारा आणि सामान्य नागरिक असावा लागतो. किमान वेतनाच्या कायद्याचे जे होते तेच याचेही होते: कायदा असतो, पण विचारणारा असावा लागतो.

डॉक्टरीणबाईंनी राग धरला नाही. त्यांनी पाऊण तास बसून उत्तरे दिली, एक-दोन ठिकाणी "हे आम्हांलाही अजून ठाऊक नाही, म्हणूनच चाचणी आहे" असे स्पष्ट म्हणाल्या. त्या वाक्याने आमचा विश्वास वाढला. मराठी कागद पुढच्या आठवड्यात मिळाला. प्रवासखर्च मान्य झाला. बुडालेला रोज मान्य झाला नाही, तो आम्ही युनियनच्या निधीतून देतो. सहकाऱ्याने कागद घरी नेला, मुलीकडून दोनदा वाचून घेतला आणि सही केली. चिठ्ठीत त्याला दानातल्या डोळ्याचे कलम आले. त्याच्या शस्त्रक्रियेला आता तीन वर्षे होत आली. गेलेली नजर आलेली नाही, ती येणारही नव्हती. उरलेली टिकून आहे. तो आता मागावर नाही, कापड तपासण्याच्या टेबलावर आहे, आणि दर सहा महिन्यांनी तपासणीला जातो.

जाता जाता दोन-तीन गोष्टी सांगून आम्ही संपवितो. चाळिशी उलटली असेल, किंवा आईबाप, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर वर्षा-दोन वर्षांनी डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासून घ्या. चष्म्याच्या दुकानातला तक्ता पुरेसा नाही. डोळ्यात धूळ-कस्पट गेले, लाली आली, म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने आणून महिनोन्‌महिने घालू नका. त्यांनीही दाब चढून काचबिंदू होतो. नेत्रदान शक्य तो सहा तासांच्या आत व्हावे लागते, तेव्हा आपली इच्छा घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आमचा सहकारी परवा म्हणाला, "अण्णा, माझ्या डोळ्यात कोणाचा तरी डोळा आहे. त्याचं नाव मला कोणी सांगणार नाही. पण तपासणी चुकवायला मन होत नाही." ज्याने डोळा दिला त्याचे देणे तो तपासणीला जाऊन फेडतो आहे. डॉक्टरांनी, कंपन्यांनी आणि सरकारने आपापल्या वाटणीचे देणे असेच वेळच्या वेळी फेडावे, एवढीच आमची मागणी आहे.